वस्तादानं अंगाला हात कुठवर लावावा?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. मुलगा १३ वर्षांचा, जूनपासून गावापासून लांब एका तालमीत राहतो. जवळच शाळा, सकाळ-संध्याकाळ मेहनत. दिवाळीला घरी आला तेव्हा मांडीच्या मागच्या बाजूला वळ दिसले. विचारलं तर म्हणाला, "वस्ताद मारतात, पण चुकलं तरच." तुमच्या वडिलांनी तरुणपणी जत्रेतल्या कुस्त्या केलेल्या. ते म्हणाले, मार खाल्ल्याशिवाय कोण पैलवान झालाय? मग तुम्ही विचारलंत की प्रशिक्षकानं खेळाडूच्या अंगाला हात लावणं कधी योग्य असतं का, आणि पोराला काढून घ्यावं का.

पहिल्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. मारणं कधीच नाही. हात लावणं मात्र रोज, कुस्तीत तर त्याशिवाय चालतच नाही. दुसऱ्याचं उत्तर तालीम बघितल्याशिवाय इथून देणं बरोबर नाही. तिथं जाऊन काय बघायचं ते मात्र सांगतो.

मी कुस्ती शिकवतो, मातीवर आणि गादीवरही. मुलं आहेत, अलीकडे मुलीही येतात. त्यामुळे उदाहरणं कुस्तीचीच येतील. कबड्डी, ज्युदो, मल्लखांब, जिम्नॅस्टिक्सवाल्यांना यातलं बरंचसं लागू पडेल. बुद्धिबळवाल्यांनी सुरुवातीचा भाग सोडला तरी चालेल.

अडचण अशी की "हात लावतात" या एका वाक्यात लोक वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात. डाव शिकवायला धरणं वेगळं, कुस्तीआधी पैलवानाला तापवायला थोपटणं वेगळं, चुकीबद्दल मारणं वेगळं. आणि मेहनतीच्या नावाखाली घेतलेला सूड आणखी वेगळा. तो सहसा कुणाला दिसत नाही.

शिकवण्यापासून सुरू करू. एकेरी पट घ्या, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव. तोंडानं सांगायला सोपा आहे: पुढचा पाय समोरच्याच्या दोन पायांमध्ये, गुडघा खाली, डोकं त्याच्या बरगडीला आतून चिकटलेलं, दोन्ही हातांची कडी त्याच्या गुडघ्यामागे, आणि मग उठायचं. पोरगं हे सगळं ऐकतं, मान डोलावतं आणि पहिल्याच वेळी डोकं खाली घालून जमिनीकडे बघत घुसतं. असं घुसलं की समोरचा वरून छाती टाकतो आणि सगळं वजन पोराच्या मानेवर येतं. "डोकं वर, डोकं वर" असं कितीही ओरडा, फरक पडत नाही, कारण आपलं डोकं खाली आहे हे त्याला कळतच नसतं. मी त्याच्या शेजारी गुडघा टेकून बसतो, "मानेला हात लावतोय रे" म्हणतो, एक तळवा त्याच्या कपाळावर आणि दुसरा पाठीच्या मधोमध ठेवतो आणि तीच हालचाल सावकाश करायला लावतो. कपाळ माझ्या तळव्याला ढकलत राहिलं पाहिजे, पाठीवरच्या हाताला कुबड लागता कामा नये. चार-पाच वेळा जमलं की हात काढून घ्यायचा. डोकं परत पडलं तर हात परत. त्याला काय चुकतंय ते त्याच्या अंगाला कळलं की माझ्या हाताचं काम संपलं.

पुढची पायरी म्हणजे मी स्वतः समोर उभा राहून पाय देतो. इथं जास्त जपावं लागतं, कारण माझं वजन त्याच्या दुपटीहून जास्त आहे. मी जोर लावायचा तो त्याला पट काढताना थोडा कस लागावा इतकाच. जोडीदार कुणीही असो, आमच्याकडे नियम एकच: हातानं, पायानं, कुठंही दोनदा थोपटलं की त्या क्षणी सोडायचं, मग समोर मी असलो तरी. थोपटल्यावर एक क्षणही जास्त धरून ठेवलं तर त्यात शिकवण्यासारखं काही उरत नाही.

मुलींच्या बाबतीत काळजी थोडी जास्त. २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, त्यानंतर आमच्याकडे तरी आई-वडील स्वतःहून विचारायला येऊ लागले. मुलीला डाव दाखवायचा तर तो मोठ्या मुलीच्या अंगावर दाखवतो, नाहीतर दोघींना समोर उभं करून तोंडी सांगतो. हात लावावाच लागला तर आधी सांगून, सगळ्यांसमोर, हॉलचं दार उघडं ठेवून. मालिश, पट्टी बांधणं, वजन घेणं ही कामं बाईच करते. खरं तर हे नियम मुलांनाही असेच हवेत. पोरगा आहे, त्याला काय होतंय, असं म्हणून आपण फार गाफील राहतो. तालमीत लहान पोरं मोठ्यांची मालिश करतात, मोठी लहानांची करतात, रात्री सगळे एकाच खोलीत झोपतात. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, हे कित्येक वस्तादांना माहीतही नसतं.

आता थोपटण्याबद्दल. गादीवरच्या कुस्तीत दोन फेऱ्यांच्या मध्ये तीस सेकंद मिळतात. तेवढ्यात कोच पाणी देतो, टॉवेलनं वारा घालतो, मांड्या चोळतो, पाठीवर थाप मारतो. काही पैलवान स्वतःहून सांगतात, "जरा जोरात मारा, अंग बसलंय." इथं रेघ कुठं ओढायची?

टोकियो ऑलिंपिकमध्ये, जुलै २०२१ मध्ये, जर्मनीच्या मार्टिना ट्रायडोस या ज्युदोपटूला तिच्या कोचनं लढतीला जाण्याआधी कॉलर धरून गदागदा हलवलं आणि दोन्ही गालांवर चापट्या मारल्या. कॅमेऱ्यात ते जगानं पाहिलं. हे माझ्याच सांगण्यावरून होतं, स्वतःला जागं करायला मला ते लागतं, असं तिनं नंतर स्पष्ट सांगितलं. तरीही आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघानं कोचला कडक ताकीद दिली. माझं मत महासंघाच्या बाजूचं आहे, पण तिचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ती जाणती बाई होती, ते तिनं मागितलं होतं आणि नको म्हणाली असती तर तिची जागा जाणार नव्हती. तुमच्या मुलाकडे यातलं काहीच नाही. वस्ताद सांगतील त्याला तो "हो" म्हणणार, कारण त्याचं जेवण, झोपायची जागा, स्पर्धेत नाव जाणं न जाणं सगळं त्यांच्या हातात. तेव्हा कुमार गटापर्यंत गालावर, कानावर, डोक्यावर थाप मारायचीच नाही, मागितली तरी नाही. शड्डू ठोकायला त्याला स्वतःची मांडी आहे.

वळ दिसतात म्हणून घरचे अस्वस्थ होतात. पण दुसऱ्या एका प्रकारात वळ उठतच नाही. पोरगं उलट बोललं किंवा घरी काही सांगितलं की वस्ताद स्वतः काही करत नाहीत. एखाद्या मोठ्या पोराला म्हणतात, "याला जरा रगड." मग जास्त वजनाचा गडी त्याला धरतो, दाबतो, मान मुरगळतो, उठला की परत पाडतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं लढत चाललीय. आता एका पैलवानाला मध्ये ठेवून त्याच्यावर ताजे जोडीदार सोडत राहणं हा दम वाढवायचा खरा व्यायाम आहे, मीही घेतो. फरक ओळखायचा कसा? खऱ्या व्यायामाला वेळ लावलेली असते, ती आधी सांगितलेली असते, मध्ये पाण्याला सुट्टी असते, जोडीदार वजनाला जवळचे असतात आणि पाळी सगळ्यांवर येते. एकालाच, अचानक, वेळेचा पत्ता नाही आणि बाकीची पोरं गप्प उभी, तर तो मारच समजा.

बैठकांचंही तेच. उशीर झाला, मार पाचशे बैठका. सवय नसलेल्या पोराकडून एकदम इतक्या काढून घेतल्या तर स्नायूंचे तंतू तुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या होतात, लघवी काळ्या चहासारखी येते. असं कधी दिसलं तर "मेहनतीचं दुखणं आहे" म्हणून तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. शिक्षा म्हणून खुराक किंवा पाणी बंद करणं हेही याच खात्यात.

म्हणजे आतापर्यंत एवढं झालं: डाव शिकवायला हात लागतो, तो सांगून लावायचा आणि काम झालं की काढायचा. अंग तापवायला थाप, ती जाणत्या पैलवानाला आणि तीही तोंडापासून लांब. मेहनतीच्या नावाखाली रगडणं हे मारणंच. उरतो तो उघड मार, "चुकलं तरच" वाला.

इथं तुमच्या वडिलांचं म्हणणं घ्यावं लागेल, कारण ते एकट्याचं नाही. आपल्याकडे हा विषय निघाला की पाच मिनिटांत कुणीतरी आचरेकर सरांचं नाव काढतंच. किस्सा सचिननं स्वतः सांगितलेला आहे: स्वतःचा सामना सोडून तो वानखेडेवर शाळेच्या मोठ्या मुलांची मॅच बघायला गेला, सरांनी कानाखाली दिली, हातातला डबा उडाला, आणि सर म्हणाले की दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोकांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असं खेळ. खरा आहे किस्सा. पण त्याच आचरेकर सरांनी पोराला स्कूटरवर मागे बसवून या मैदानावरून त्या मैदानावर नेलं, एका दिवसात जास्तीत जास्त खेळायला मिळावं म्हणून. सरावाच्या शेवटी, पाय थकलेले असताना, स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवलं: जो सचिनला बाद करील त्याचं नाणं, कुणालाच जमलं नाही तर सचिनचं. त्यानं तशी तेरा नाणी मिळवली आणि जपून ठेवली. थकलेल्या अंगानं दबावाखाली खेळायला शिकवायची याहून स्वस्त युक्ती मी पाहिलेली नाही. पण महाराष्ट्रभरच्या प्रशिक्षकांनी त्यातून उचललं काय? थप्पड. स्कूटरला पेट्रोल लागतं आणि नाण्याला डोकं.

शिवाय मार खाऊन मोठे झालेलेच सत्कारात भाषण करायला उभे राहतात. मार खाऊन ज्यांनी लंगोट खुंटीला टांगला ते कुणाला दिसत नाहीत. आमच्या वयाच्या बहुतेक पैलवानांनी मार खाल्लाय, मीही खाल्लाय. त्यानं माझा एकही डाव सुधारला नाही. जे सुधारलं ते संध्याकाळी जोडीदार धरून तोच डाव परत परत करून घेणाऱ्यांमुळे.

आता नीतिमत्ता बाजूला ठेवून निव्वळ कुस्तीचं बोलतो, कारण तुमच्या वडिलांना तेच पटेल. "चुकलं तरच मारतात" यातच सगळा घोटाळा आहे. कुस्तीत नवा डाव चुकल्याशिवाय येत नाही. ढाक हा फेकायचा डाव बसायच्या आधी पोरगं कितीतरी वेळा स्वतःच पाठीवर पडतं. प्रत्येक चुकीला छडी असेल तर शहाणं पोरगं काय करील? नवीन काही करायचंच बंद करील. येतात ते दोन डाव धरून बसेल, आणि तेही समोरचा चुकला तरच लावील. स्पर्धेत अशी पोरं लांबून ओळखू येतात. गुण गेला की त्यांची नजर समोरच्याकडे न जाता आधी कोपऱ्यात उभ्या असलेल्या कोचकडे जाते. तेवढ्या अर्ध्या सेकंदात समोरचा दुसरा पट काढतो. फ्रीस्टाइलमध्ये नुसतं हाताला हात लावून खडाखडी करत राहिलं तर पंच निष्क्रियतेची ताकीद देतात, मग तीस सेकंदांचं घड्याळ लागतं आणि तेवढ्यात कुणालाच गुण काढता आला नाही तर समोरच्याला फुकटचा गुण जातो. भ्यायलेलं पोर कितीदा असंच हरतं. आणि तालमीत परतल्यावर त्याबद्दल परत मार.

दुसरं म्हणजे लपवालपवी. मार बसणाऱ्या तालमीत पोरं दुखणं सांगत नाहीत. मानेत चमक आली, गप्प. गजकर्ण उठलं, टी-शर्टखाली झाकलं, आणि आठवड्याभरात निम्म्या तालमीला झालं, कारण अंगाला अंग लागतंच. मी रोज मेहनतीआधी पोरांची कातडी, कान, नखं बघतो. मला ते दाखवतात, कारण दाखवलं म्हणून काही होत नाही, फार तर चार दिवस कुस्ती बंद राहते. आणि कानाखाली मारणाऱ्यांना एक सांगायला हवं. उघड्या तळव्याचा फटका कानावर बसला तर आत हवा दाबली जाऊन पडदा फाटू शकतो. त्यासाठी फार जोर लागत नाही.

मार बंद केला की पोरं मऊ पडतील, ही भीती मी समजू शकतो. जपानपेक्षा कडक शिस्तीचा देश आपल्याला कुठला माहीत आहे? तिथं २०१३ मध्ये महिला ज्युदो संघातल्या पंधरा खेळाडूंनी राष्ट्रीय प्रशिक्षकांच्या थपडा आणि काठीच्या माराविरुद्ध ऑलिंपिक समितीकडे तक्रार केल्याचं बाहेर आलं आणि मुख्य प्रशिक्षकाला जावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी, लंडनला, ज्युदोचं माहेरघर असलेल्या या देशाला ज्युदोत एकच सुवर्ण मिळालं होतं. टोकियोत नऊ मिळाली, त्यातली चार मुलींची. मार थांबला म्हणूनच मिळाली असं म्हणणं खोटेपणाचं होईल. घरचं मैदान होतं, नवी पिढी होती. पण मार थांबल्यावर कुणी मऊ पडलं नाही, एवढं तर दिसलंच.

मग शिक्षाच नको का? हवी. तेरा-चौदा वर्षांची पंचवीस पोरं एका छताखाली ठेवा, रोज काहीतरी होतंच. कुणी मोबाइल चोरून आणतो, कुणी लहानाला छळतो, कुणी वजनाबद्दल खोटं बोलतो. माझ्याकडे उशिरा आलेल्याला त्या दिवशी लढत नाही. त्यानं कडेला बसून दुसऱ्यांचे गुण लिहायचे. पैलवान पोराला याहून मोठी शिक्षा नाही, हात शिवशिवत असतात त्याचे. लहानाला छळलं तर घरी फोन, परत केलं तर घरी रवानगी, मग तो कितीही पदकाचा असो. हे पाळायला छडीपेक्षा अवघड जातं, कारण कधीकधी आपलाच चांगला गडी स्पर्धेला मुकतो.

पोरावर जोर लावावा लागेल असे प्रसंग असतात. दोघं खरोखरची हाणामारी करायला लागले तर मी मध्ये पडून कंबर धरून ओढतो. कुणी डोक्यावर आपटायच्या बेतात असेल तर हातातला डाव तोडून पाडतो. तिथं सभ्यपणे सांगत बसायला वेळ नसतो. पण तसं धरलेलं पोर उभं राहिलं की सोडायचं असतं. नंतर बाजूला नेऊन "आता दाखवतो तुला" नाही.

कायद्याचं थोडक्यात. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं बंदी आहे. तालीम म्हणजे शाळा नव्हे, असं म्हणून सुटका होत नाही. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ ज्याच्या ताब्यात मूल आहे अशा कुणालाही लागू होतं, आणि मुलाला मारहाण केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुम्ही लगेच ठाण्यात जा असं मी म्हणत नाही. पण "वस्ताद म्हणजे बापच, त्याला अधिकार आहे" असं कुणी म्हणालं तर तसा अधिकार कागदावर कुठं नाही, हे ठाऊक असू द्या. मला एका गोष्टीचं नवल वाटतं. २०२२ मध्ये दिल्लीत राष्ट्रकुलच्या निवड चाचणीत एका पैलवानानं पंचाला मारलं, भारतीय कुस्ती महासंघानं त्याला आजीवन बंदी घातली. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचाच्या अंगावर गेल्याबद्दल पैलवानाला तीन वर्षांची बंदी झाली. दोन्ही योग्यच. पण सरावात पोराच्या कानाखाली देणाऱ्या कोचला कुठली बंदी झाल्याचं आपण कितीदा ऐकतो?

आता तुमचं. आधी वळ नीट बघा. कुस्तीच्या खुणा ठरलेल्या जागी असतात: गादीला घासून गाल, कोपर, गुडघे सोललेले. मनगटावर आणि दंडावर बोटांचे ठसे. मानेमागे लाली, कानाची पाळी सुजलेली, नडगीवर निळं. मांडीच्या किंवा पोटरीच्या मागच्या बाजूला सरळ, एकमेकांना समांतर रेघा कुठल्याही डावानं उठत नाहीत. त्या छडीच्या किंवा पाइपच्या. फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असे. डोकं, कान, पोट किंवा गुप्तांगाजवळ काही दिसलं, किंवा पोरगं रात्री दचकून उठत असेल, अंघोळीला कुणी जवळ आलेलं चालत नसेल, तर पुढचं वाचत बसू नका. त्याला परत पाठवू नका, डॉक्टरांना दाखवा आणि १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला फोन करा.

तसं नसेल तर त्याच्याशी बोला, पण "मारतात का" असं विचारू नका. त्याचं उत्तर त्यानं दिलंय आणि वर वस्तादांची बाजूही घेतलीय. "परवाच्या लढतीत काय झालं? मग? मग वस्ताद काय म्हणाले?" असं कुस्तीबद्दल विचारत जा, आपोआप सगळं निघतं. कुणाला जास्त बसतो, कशानं, रागात की शांतपणे, मोठी पोरंही मारतात का, हे त्यात कळेल.

मग तालमीत जा. न सांगता, आडवारी, पहाटेच्या मेहनतीला. रविवारी पालक येतात तेव्हा सगळं गोड असतं. हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, कडेला बसा आणि गप्प राहा. वस्तादांच्या हातात किंवा कोपऱ्यात छडी आहे का, हे बघालच. त्यापेक्षा पोरांकडे लक्ष द्या. एखादा डाव फसला की पोरगं हसून परत उभं राहतं की आधी वस्तादांकडे बघतं? कोच जवळ आला की खांदे आक्रसतात का? कुणी "दुखतंय" म्हणालं तर पुढं काय होतं? लहान पोरं झोपतात कुठं, त्यांच्याजवळ रात्री कोण असतं, घरी फोन करायचा तर कुणाला विचारावं लागतं?

त्यानंतर वस्तादांना एकट्याला गाठा. पोरांसमोर अजिबात नाही, नाहीतर त्याचं उट्टं तुमच्या मुलावर निघेल. हात जोडूनच विचारा: "पोरगं चुकलं की तुम्ही काय करता?" जो खरं सांगतो त्याच्याशी बोलता येतं. पुष्कळ वस्ताद मनानं वाईट नसतात. त्यांना जसं शिकवलं तसं ते शिकवतात, कुणी कधी थांबवलेलंच नसतं. तेव्हा स्पष्ट सांगा: "मेहनत कितीही घ्या, रागवा, लढतीतून बाहेर बसवा, पण अंगावर छडी नको." ऐकून "ठीक आहे" म्हणाले तर महिनाभर संधी द्या, मुलाला दर दोन-चार दिवसांनी फोन करायची मुभा मागून घ्या आणि अधूनमधून असेच न सांगता जात राहा. "आमच्याकडे हे असंच चालतं, पटत नसेल तर घेऊन जा" म्हणाले तर वाद घालू नका. घेऊन या. आणि "कोण मारतंय? पोरगं खोटं बोलतंय" असं म्हणाले तर त्याच दिवशी, पोराला तिथं एकही रात्र न ठेवता.

जाताना वडिलांना बरोबर घ्या. त्यांची नजर तुमच्यापेक्षा तयार आहे. लढत कुठली आणि रगडणं कुठलं, हे त्यांना लांबून कळेल, आणि स्वतःच्या नातवाला रगडताना पाहिलं तर घरातला वाद तिथंच मिटेल. काढून घ्यायची वेळ आलीच तर शाळेमुळे एप्रिलपर्यंत थांबायची गरज नाही. आठवीपर्यंतच्या मुलानं मागितला की दाखला लगेच द्यायचा, असं त्याच शिक्षण हक्क कायद्यात आहे. दुसरी तालीम मिळेपर्यंत दोन-तीन महिने गेले तरी या वयात काही बिघडत नाही. घरी जोर, बैठका, दोरी आणि धावणं चालू ठेवा, आणि आजोबांना अंगणात पट काढून घ्यायला सांगा. फक्त डोकं वर आहे ना, तेवढं बघा.